कापसाने बांधलेली शहरे

वाशीम जिल्ह्यातील कारंजा हे गाव ज्याने पायी हिंडून पाहिले असेल, त्यास तेथील वेशींची नावे निराळी सांगावयास नकोत. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. वाट ज्या गावाकडे जाते त्या गावाचे नाव वेशीस मिळालेले. आणि एका वेशीस तर थेट दिल्लीचे! सामान्य माणसाचे जाणे-येणे फार तर आठवड्याच्या बाजारापुरते होत असे, अशा काळात वऱ्हाडातील एका गावाने आपल्या दारावर दिल्लीचे नाव मिरवावे, यात त्या गावच्या व्यापाराचा अभिमान स्पष्ट दिसतो. परंतु त्याच वेशी दिवस मावळला की बंद होत. माल बाहेरून यावा, पैसा आत राहावा आणि परका माणूस रात्री तटाबाहेर असावा, अशी त्या रचनेची सारी योजना होती. इ. स. १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंज्यावर चाल करून तेथील संपत्ती नेली, ही गोष्ट इतिहासात प्रसिद्ध आहे. ज्या गावाच्या धनाची वार्ता सह्याद्रीपर्यंत पोहोचली होती, त्या गावाने तटाकडे आणि दरवाजाकडे लक्ष पुरवावे, हे साहजिकच होते.

तटाच्या आत जी घरे होती त्यांचा थाटही असाच. कारंज्याच्या कस्तुरीच्या हवेलीची दंतकथा त्या बाजूस घरोघर सांगतात. कस्तुरी विकावयास निघालेल्या एका व्यापाऱ्यास कोठेच एकरकमी गिऱ्हाईक मिळेना. तो कारंज्यास आला तेव्हा तेथील एका सावकाराची हवेली बांधली जात होती. सावकाराने सगळीच्या सगळी कस्तुरी विकत घेतली आणि व्यापाऱ्याच्या डोळ्यांदेखत ती भिंतीच्या चिखलात कालवावयास लावली! कथेत खरे किती आणि रंगविलेले किती, हा वाद बाजूस ठेवला तरी तिच्यातील भाव मोठा बोलका आहे. श्रीमंती दाखवावयाची, पण ती भिंतीच्या पोटात. रस्त्यावरून जाणाऱ्यास दिसावी ती फक्त उंच भिंत आणि लोखंडी खिळे ठोकलेले दार; वैभव असावयाचे ते ढेलजेच्या पलीकडे, चौकात, माडीच्या कोरीव खांबांवर. कारंज्याच्या जैन मंदिरांतील लाकडावरील कोरीवकाम ज्यांनी पाहिले आहे, त्यांस तेथील सुताराच्या हाताची ओळख निराळी करून देण्याचे कारण नाही.

या जुन्या घराची एक गोष्ट मात्र येथेच लक्षात ठेवावयास हवी, कारण तिचा संबंध पुढे फार दूरच्या एका शहराशी येणार आहे. वाडा मोजावयाचा तो खणांत. चार खांब उभे केले, त्यांवर तुळया टाकल्या की एक खण झाला. असे जितके खण तितके घर. पुष्कळ वाड्यांत छपराचा आणि माडीचा बराचसा भार हे सागवानी खांबच पेलतात. मधली मातीची अथवा विटांची भिंत आडोसा देते, ऊन-पाऊस आणि चोर यांस अडविते. ती एखाद्या ठिकाणी ढासळली तरी माडी जागच्या जागी उभी राहते. घराचा सांगाडा निराळा आणि त्याचे कातडे निराळे, हे तत्त्व मराठी सुतारास पुस्तकावाचून ठाऊक होते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या गावगाड्यावर बाहेरून दोन-तीन आघात एकामागून एक झाले. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांच्या हाती आला. १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांचे यादवी युद्ध पेटले, दक्षिणेच्या बंदरांची कोंडी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांस लागणारा अमेरिकन कापूस येईनासा झाला. इंग्रज गिरणीवाल्यांची दृष्टी साहजिकच वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. युद्ध संपले ते १८६५ मध्ये. पण मुंबईहून निघालेला लोहमार्ग त्यापूर्वीच वऱ्हाडात शिरत होता, आणि १८६७ मध्ये तो अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या मार्गाने नागपुरास जाऊन भिडला. १८७० मध्ये खामगावास आणि त्याच्या मागोमाग अमरावतीस फाटे निघाले. पूर्वी जो कापूस बैलांच्या पाठीवर लादून महिनेच्या महिने मिर्झापुराकडे चालत जाई, धूळ खाई, पावसात भिजे, तो आता काही दिवसांत मुंबईच्या बंदरात उतरू लागला.

रेल्वेने मात्र नवीच अट घातली. कापूस वजनाने हलका आणि आकाराने अवाढव्य. सुट्या कापसाने डबा भरला तर डबा भरतो, पण भाडे सुटत नाही. म्हणून तो दाबून, घट्ट आवळून पाठविणे प्राप्त झाले. आणि त्यासाठी वऱ्हाडच्या गावोगावी एक अशी इमारत उभी राहिली की जिचा नमुना तेथील कोणत्याही वाड्यात, मंदिरात वा मशिदीत नव्हता. ती म्हणजे जिनिंग-प्रेसिंगचा कारखाना, लोकांच्या तोंडी नुसते ‘जीन’.

या इमारतीकडे कोणी कलेच्या दृष्टीने पाहत नाही. पण तिच्याइतकी प्रामाणिक इमारत क्वचितच आढळेल. तिचा प्रत्येक भाग कापसाच्या चालीवरून ठरलेला आहे. प्रथम मोठे मोकळे पटांगण, कारण दिवाळीनंतर बंड्यांच्या रांगा येतात आणि कापसाच्या गंज्या डोंगरासारख्या उभ्या राहतात. मग लांबच लांब पडवीसारखी जीनची शाळा. तीत एका ओळीने यंत्रे, त्यांना एकाच दांड्यावरून पट्ट्यांनी गती. घरोघरच्या रेच्यावर बायका जे काम हाताने करीत, तेच तेथे वाफेच्या जोराने होऊ लागले: सरकी खाली पडते, रुई पुढे उडते. त्यानंतर प्रेसची इमारत, आणि ती मात्र उंच. ती उंच का, हे कळण्यास आत जावे लागते. रुई वरच्या मजल्यावर आणून एका खोल पेटीत ओतावयाची, मजुरांनी ती पायांनी तुडवावयाची, आणि मग खालून पाण्याच्या दाबाने वर सरकणाऱ्या दट्ट्याने तिची गाठ बांधावयाची. ३९२ रत्तल रुईची ती गाठ लोखंडी पट्ट्यांनी आवळून बाहेर पडली की तिच्यावर धोंड्यासारखे बसता येते. शेजारी बाष्पकाचे घर, त्याचे धुराडे, आणि आगीच्या भयाने बांधलेला पाण्याचा हौद. रुई ठेवण्याच्या कोठ्या एकमेकींपासून अंतरावर, मध्ये जाड भिंती. एकीस ठिणगी लागली तर दुसरी वाचावी. छप्पर पन्हाळी पत्र्याचे, लोखंडी कैच्यांवर बसविलेले. खाली एवढी मोकळी जागा सोडण्याची ताकद लाकडी तुळईस नव्हती.

कापसासाठी एवढा विचार झाला. तो तुडविणाऱ्या, वाहणाऱ्या माणसांसाठी काय झाले? हंगामापुरते आलेले मजूर पटांगणाच्या कडेस पाचटाच्या आणि तट्ट्यांच्या खोपटांत राहत, आणि हंगाम सरला की खोपटे मोडली जात. इमारतींच्या इतिहासात त्यांची नोंद नाही, कारण मागे काही उरलेच नाही.

कारंजा मुख्य लोहमार्गापासून वीसएक मैल दक्षिणेस राहिले. १९०१ च्या खानेसुमारीत त्याची वस्ती सुमारे साडेसोळा हजार होती, म्हणजे जिल्ह्याचे ठाणे असलेल्या वाशीमपेक्षाही अधिक. अशा पेठेस आगगाडी नसावी हे व्यापारास परवडणारे नव्हते. १९१० साली किलिक निक्सन कंपनीने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली, आणि मूर्तिजापुराहून कारंजा-दारव्हा मार्गे यवतमाळपर्यंत अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग झाला. ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने पुढे प्रसिद्ध झालेली गाडी ती हीच. १९२१ साली मँचेस्टरात घडविलेले वाफेचे इंजिन तिने १९९४ पर्यंत ओढले! कापूस न्यावयाचा मँचेस्टरास आणि तो ओढण्याचे इंजिन आणावयाचे मँचेस्टरातून; व्यवहाराचे वर्तुळ एवढे पुरे झालेले क्वचितच पाहावयास मिळते. असो. गावाच्या बांधणीवर या गाडीचा आणि जीनांचा परिणाम असा झाला की शतकानुशतके आत पाहणारे गाव बाहेर पाहू लागले. नव्या व्यापाऱ्याने घर बांधले ते चौकाभोवती न बांधता रस्त्याकडे तोंड करून, खाली दुकान आणि वर सज्जा ठेवून. अडत्याची गादी रस्त्यावरून दिसावी यातच त्याची पत होती. वेशी जागच्या जागी राहिल्या, पण त्या आता काही अडवीत नव्हत्या.

वऱ्हाडातील हा पालट लहान प्रमाणावर झाला. तोच पालट ज्या देशात प्रचंड प्रमाणावर झाला, त्या अमेरिकेकडे येथे दृष्टी टाकणे अवश्य आहे. कारण वऱ्हाडच्या भरभराटीचे निमित्त त्याच देशाचे युद्ध होते. मॅसॅच्युसेट्समधील लोवेल हे गाव १८२० नंतरच्या दशकात केवळ कापसाच्या गिरण्यांसाठी वसविले गेले. नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या पाच-सहा मजली विटांच्या गिरण्या, आणि त्यांच्या समोर कंपनीनेच बांधलेली विटांची वसतिगृहे. शेतकऱ्यांच्या मुली खेड्यांतून येऊन तेथे राहत. एका खोलीत चार-सहा जणी, घंटेवर उठावयाचे, घंटेवर जेवावयाचे, रात्री ठरल्या वेळी दार बंद. ही व्यवस्था पुष्कळ दृष्टींनी जाचक होती. तथापि गिरणी बांधणारानेच कामगाराच्या निवाऱ्याचा नकाशाही काढला, एवढी गोष्ट तेथे घडली. पुढे तीही राहिली नाही. शहरे इतक्या वेगाने वाढली की नकाशा काढण्याची फुरसत कोणास उरली नाही.

शिकागोचे उदाहरण पाहावे. १८७० मध्ये या शहराची वस्ती तीन लाखांच्या आत होती. वीस वर्षांनी ती जवळजवळ अकरा लाख झाली. मधल्या काळात, १८७१ च्या ऑक्टोबरात, लाकडी घरांचे ते शहर आगीत जळाले. एरवी एवढ्या आपत्तीने एखादे गाव कायमचे बसले असते; पण शिकागो हे धान्याचे, लाकडाचे आणि मांसाच्या व्यापाराचे नाके होते. जमीन तीच, भोवती रेल्वेचा आणि सरोवराचा वेढा, आणि तिच्यावर हक्क सांगणारे दसपट. जमीन वाढविता येत नाही तेव्हा घर वर चढवावे लागते. परंतु विटांच्या भिंतीवर मजले चढवीत गेल्यास खालची भिंत जाड करावी लागते. तेथील मोनॅडनॉक इमारतीच्या, १८९१ मध्ये पुऱ्या झालेल्या सोळा मजली भागाची भिंत तळाशी सहा फूट जाड आहे! सगळ्यांत महाग जागा खालच्या मजल्यावरची, आणि तीच भिंतीने गिळावी, हा हिशेब व्यापाऱ्यास कसा मानवावा?

त्यावर विल्यम ले बॅरन जेनी या स्थापत्यविशारदाने तोड काढली. १८८५ मध्ये पुऱ्या झालेल्या त्याच्या होम इन्शुअरन्स इमारतीत भाराचा मोठा भाग लोखंडी-पोलादी खांब-तुळयांच्या सांगाड्याने पेलला आणि भिंतीस त्या ओझ्यातून बव्हंशी मोकळे केले. इमारत दहा मजल्यांची. १९३१ साली ती पाडली गेली, पण तिच्या मागोमाग उठलेल्या इमारतींनी सगळ्या जगाच्या शहरांची उंची बदलली. कारंज्याच्या एखाद्या वृद्ध सुतारास तो सांगाडा दाखविला असता तर त्यास त्याचे कोडे पडले नसते. त्याने खण मोजले असते, आणि सागवानाऐवजी पोलाद का, एवढेच विचारले असते. खणाचे हे तत्त्व नवे नव्हते. नवे होते ते पोलाद, आणि एलिशा ओटिसने सुरक्षित करून दाखविलेली लिफ्ट. न्यू यॉर्कमध्ये १८५७ साली एका दुकानात पहिली प्रवासी लिफ्ट चालू झाली. माणसाचे पाय जेथे थकत तेथे आजवर इमारतीची उंची थांबत असे. लिफ्टने ती मर्यादा काढून टाकली आणि ज्या वरच्या मजल्यास पूर्वी कोणी विचारीत नसे त्याचे भाडे सर्वांत अधिक झाले.

हे झाले कचेऱ्यांचे. त्याच काळात न्यू यॉर्कमधील कामकऱ्यांची घरे पाहिली तर चित्र निराळे दिसते. पंचवीस फूट रुंद आणि शंभर फूट लांब एवढ्या जागेत पाच-सहा मजल्यांची इमारत, मजल्यावर चार बिऱ्हाडे, आणि बहुतेक खोल्यांस खिडकी नाही. १८७९ च्या कायद्याने प्रत्येक खोलीस खिडकी हवी असे ठरविले. तेव्हा मालकांनी दोन इमारतींच्या मध्ये एक अरुंद बोळ ठेवून खिडक्या त्यात उघडल्या. कायद्याची अक्षरे पाळली गेली. त्या बोळात प्रकाश पोहोचला नाही, पण वरच्या बिऱ्हाडांचा केरकचरा मात्र पोहोचला, आणि आग लागली की तोच बोळ धुराड्याचे काम करू लागला. १९०१ मध्ये नवा कायदा करून ती पद्धत बंद करावी लागली.

आता वऱ्हाडच्या गाठीबरोबर मुंबईस यावे. अमेरिकन युद्धाच्या चार वर्षांत मुंबईवर पैशाचा पाऊस पडला, आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच तो तितक्याच वेगाने ओसरला. पेढ्या बुडाल्या, सट्टेबाज रस्त्यावर आले. खानेसुमारीच्या आकड्यांत ही लाट आजही मोजता येते: १८६४ मध्ये ८,१६,५६२ माणसे, १८७२ मध्ये ६,४४,४०५. कापसाचा भाव उतरला आणि शहरातील पावणेदोन लाख माणसे कमी झाली. तरी त्या पैशाचा काही अंश दगडात गोठून राहिला. किल्ल्याचा तट याच दशकात पाडण्यात आला आणि मोकळ्या मैदानाच्या कडेस गॉथिक घाटाच्या इमारतींची ओळ उभी राहू लागली. कापसाच्या व्यापारात गडगंज झालेले प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून विद्यापीठाचा २८० फुटी मनोरा झाला, १८७८ मध्ये. आणि त्यास त्यांच्या आईचे, राजाबाईचे, नाव मिळाले. कारंज्याच्या सावकाराने कस्तुरी भिंतीत पुरली. मुंबईच्या सावकाराने आपली संपत्ती घड्याळ लावून आकाशात उभी केली, की बंदरात शिरणाऱ्या बोटीवरूनही ती दिसावी. दोघांच्या मधली दोनशे-तीनशे वर्षे या एका फरकात सामावली आहेत.

मुंबईस कापूस नुसता बंदरातून जाण्यापुरता राहिला नव्हता. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापिलेली ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, आणि पुढील चाळीस वर्षांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी हा सारा भाग धुराड्यांनी भरून गेला. गिरणीची इमारत हीही जीनसारखीच, प्रत्येक रेषा हिशेबाची. सूतकताईचे खाते अनेक मजली, कारण एकाच इंजिनाच्या चाकावरून दोरांनी सगळ्या मजल्यांस गती देता येते. विणकामाचे खाते मात्र एकमजली आणि त्याचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे; प्रत्येक दात्याची काच उत्तरेकडे. उत्तरेचा प्रकाश सौम्य आणि दिवसभर सारखा. त्यात तुटलेला धागा चटकन दिसतो, आणि उन्हाची तिरीप मागावर पडत नाही. धाग्यास किती उजेड लागतो याचा विचार करून हे छप्पर बांधले होते.

तोच विणकर संध्याकाळी ज्या खोलीत परत येई तिला किती उजेड लागतो, याचा विचार मात्र कोणीच केला नव्हता. गिरणगावची चाळ ही कोणा शिल्पज्ञाची कृती नव्हे. ती भाड्याच्या हिशेबातून निघाली. दहा फूट लांब, दहा-बारा फूट रुंद अशा खोल्या एका ओळीत, पुढे सामाईक सज्जा, कोपऱ्यात सामाईक संडास, आणि खोलीत एक मोरी. तीन-चार मजले, कारण त्यापलीकडे पाय चढत नाहीत. रत्नागिरी, सातारा, घाटावरचे दुष्काळी तालुके येथून आलेली माणसे त्या खोल्यांत राहत. बहुधा पुरुषच, पाळीपाळीने. दिवसपाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर अंथरूण टाकी. दोन चाळींच्या मध्ये भंग्याच्या वाटेसाठी जी चिंचोळी जागा सोडीत तिला ‘घरगल्ली’ म्हणत. खोलीची मागली खिडकी तीतच उघडावयाची. न्यू यॉर्कच्या बोळाची आणि या घरगल्लीची एकमेकांशी ओळख नव्हती. पण भाड्याचा हिशेब एकच असल्यामुळे नकाशा एकच निघाला.

तथापि एका बाबतीत चाळीस न्याय द्यावयास हवा. तिचा सज्जा. न्यू यॉर्कच्या भाडेकरूस जिना आणि काळोखी बोळ याखेरीज सामाईक असे काही नव्हते. चाळकऱ्यास निदान उघड्या हवेतला सज्जा होता. त्यावर पापड वाळले, भजने झाली, गावाकडची पत्रे मोठ्याने वाचली गेली, संपाच्या बैठका भरल्या. मालकाने तो सज्जा स्वस्त पडतो म्हणून ठेवला होता. कोकणातल्या पडवीवरून आलेल्या माणसांनी त्याची पडवी केली.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग दिसून आला आणि काही महिन्यांत अर्धे शहर पळाले. १९०१ च्या खानेसुमारीत वस्ती पुन्हा ७,७६,००६ वर उतरलेली दिसते. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले, रोगट घरे पाडली. पण पाडलेल्या खोल्यांच्या मानाने नव्या खोल्या पुऱ्या पडल्या नाहीत. ट्रस्टच्या ज्या चाळी झाल्या त्यांपैकी परळच्या एका चाळीत डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर १९३४ पर्यंत सुमारे बावीस वर्षे राहिले, दुसऱ्या मजल्यावरील ५० आणि ५१ क्रमांकांच्या दोन खोल्यांत. परदेशातील दोन विद्यापीठांच्या पदव्या घेऊन आलेल्या या गृहस्थास वाचनासाठी रात्रीच्या शांततेखेरीज निराळी जागा नव्हती. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधले त्यात पहिला विचार होता तो पुस्तकांच्या जागेचा.

१९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत डेव्हलपमेंट खाते निघाले आणि कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सुटला. त्यासाठी लागणाऱ्या पैशाची एक वाट अशी ठरली की मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवावयाचा. कारंज्याच्या जीनमध्ये आवळलेली, शकुंतलेने मूर्तिजापुरापर्यंत आणलेली गाठ मुंबईच्या हद्दीत शिरली की तिचा एक रुपया वरळीच्या भिंतीत जाई. वऱ्हाडच्या शेतकऱ्यास हे कोणी सांगितले नसेल. पण त्या चाळींच्या मालकीत त्याचाही एक वाटा होता असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

त्या चाळी झाल्या २०७: वरळीस १२१, नायगावास ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीस १२. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधोमध काळोखा बोळ, खोली १६० चौरस फुटांची. पन्नास हजारांचा संकल्प साडेसोळा हजारांच्या आसपास येऊन थांबला. १९०१ साली कारंज्यात जितकी माणसे होती, जवळजवळ तितक्याच खोल्या. इमारती सिमेंट-काँक्रीटच्या, भक्कम. पण पहिली काही वर्षे पुष्कळ खोल्या रिकाम्या पडून राहिल्या. गिरणी दूर, भाडे जड, आणि सज्जा नाही. कामगारास काय हवे हे कामगारास न विचारता ठरविल्याचा हा परिणाम. विलक्षण योग असा की त्याच दशकात, त्याच शिवडीत, त्याच काँक्रीटची दुसरीही बांधणी चालली होती: पोर्ट ट्रस्टची कापसाची गुदामे. आग लागू नये, लागली तर पसरू नये, गाठी गाडीतून थेट फलाटावर उतराव्यात, वारा खेळावा, अशी त्यांची योजना बारकाईने केलेली होती. त्या भागातील रेल्वे स्थानकाचे नाव आजही कॉटन ग्रीन असेच आहे. कापसाच्या गुदामाविषयी गैरसोयीची तक्रार करण्यास व्यापारी होते, विमा कंपन्या होत्या. १६० चौरस फुटांची तक्रार ऐकण्यास बराच काळ कोणी नव्हते. १९३० च्या कायदेभंगात वरळीच्या रिकाम्या चाळींचा सरकारने सत्याग्रहींच्या तात्पुरत्या तुरुंगासाठी उपयोग केला, यावरून त्या खोल्यांची योग्यता सरकारनेच ठरविली म्हणावयाची.

पुढे या चाळी भरल्या, आणि इतक्या भरल्या की तीन-तीन पिढ्या त्याच १६० फुटांत नांदल्या. १९८२ च्या गिरणी संपानंतर एकेक धुराडे थंड झाले. गिरण्यांच्या जमिनींवर काचेचे मनोरे चढले. करवती छपरांची उत्तरेकडील काच फुटली आणि तेथे दक्षिणेच्याही उन्हात तळपणारी काच आली. डेव्हलपमेंट खात्याच्या चाळींच्या पुनर्बांधणीस २०१७ मध्ये आरंभ झाला आणि २०२५ च्या ऑगस्टात वरळीच्या ५५६ कुटुंबांस नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घर ५०० चौरस फुटांचे, इमारत चाळीस मजल्यांची. शिकागोची उंची शेवटी गिरणी कामगाराच्या नातवापर्यंत पोहोचली. स्वतःचा संडास, स्वतःचे स्वयंपाकघर, दार लावले की आपले घर, या गोष्टींची किंमत ज्याने सामाईक नळावर पहाटे चारला रांग लावली आहे त्यासच कळेल. आता त्या घरांत चर्चा चालते ती लिफ्टच्या आणि देखभालीच्या मासिक खर्चाची. जुन्या बोळात दर मजल्यावर वीस दारे समोरासमोर उघडी असत, आणि आजारी माणसाकडे बघावयास कोणास बोलवावे लागत नसे; नव्या मजल्यावर लिफ्टपुढच्या चौकोनात दारे मिटलेली असतात. म्हाताऱ्या बाया खुर्च्या तेथेच आणून ठेवतात आणि संध्याकाळी बसतात.

कारंज्यास शकुंतलेच्या रुळांत गवत वाढले आहे. गाडी काही वर्षांपूर्वी बंद पडली. कापूस अजून येतो, ट्रकांतून आणि ट्रॅक्टरांतून, आणि हंगामात त्यांची रांग रस्त्याकडेने लांबवर लागते. दिल्ली वेशीच्या कमानीखालून मोटारसायकली जातात. जीनच्या पटांगणाच्या कडेस हंगामी मजुरांची खोपटी दिवाळीनंतर पुन्हा उभी राहतात. छपरास आता पाचटाऐवजी निळे ताडपत्रीचे कापड असते.